ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ

ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ (१३ जून १८९३ – १३ ऑक्टोबर १९६३) हे ब्रिटिश अभियंते होते. ठिसूळ पदार्थाची मजबुती त्याच्या एकूण घडणीपेक्षा त्यात दडलेल्या सर्वांत घातक दोषावर अवलंबून असते, हे त्यांनी गणिताने व प्रयोगाने दाखवून दिले. तड्यांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यांच्या या कार्याने घातला गेला. जेट इंजिनाच्या विकासातही त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे.

जीवन

ग्रिफिथ यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील जॉर्ज ग्रिफिथ हे विज्ञानकथालेखक होते. लिव्हरपूल विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर १९१५ साली ग्रिफिथ फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात रुजू झाले. पिळल्या जाणाऱ्या दांड्यातील ताण साबणाच्या पातळ पडद्यावरून मोजण्याची पद्धत त्यांनी १९१७ मध्ये जेफ्री टेलर यांच्यासमवेत मांडली.

तड्यांचा सिद्धान्त

अणूंमधील बंध पाहता काच प्रत्यक्षात दिसते त्याहून कितीतरी बळकट असायला हवी. मग ती इतकी सहज का फुटते, हा प्रश्न ग्रिफिथ यांनी हाती घेतला. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तंतूपेक्षा केसाहूनही बारीक ओढलेला तंतू जवळजवळ वीस पट ताण सोसतो, असे त्यांना आढळले. बारीक तंतूत मोठा तडा मावतच नाही, हे त्यामागील कारण होय.

तडा वाढताना नवे पृष्ठभाग तयार होतात व त्यासाठी ऊर्जा लागते. ताणामुळे साठलेली ऊर्जा ही किंमत चुकवण्यास पुरेशी झाली की तडा आपोआप धावू लागतो. तडा चौपट लांब असेल, तर पदार्थ निम्म्या ताणातच तुटतो. हा सिद्धान्त १९२१ साली प्रसिद्ध झाला.

घर्षण, उष्णता आणि दोष

घर्षणाने तापून भेगा पडणाऱ्या भागांना हाच विचार लागू पडतो. फोंडा किंवा आंबोली घाट उतरून सिंधुदुर्गात येणारा मालट्रक दीर्घकाळ ब्रेक दाबत राहिला, तर ब्रेकच्या ओतीव लोखंडी ड्रमचा आतला पृष्ठभाग फार तापतो. तो प्रसरण पावू पाहतो. पण खालचा थंड भाग त्याला अडवतो. त्यामुळे पृष्ठभाग दाबला जाऊन कायमचा आकसतो आणि थंड होताना ओढला जातो. ओतकामात राहिलेली पोकळी वा मळीचा कण तेथे असेल, तर तडा तेथूनच सुरू होतो. प्रत्येक उतारागणिक तो थोडा वाढतो. रेल्वेच्या चाकांतही ब्रेकच्या घर्षणामुळे असे तडे निर्माण होतात. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडताच ती तडकते, त्यामागेही असमान तापमान आणि काचेतील सूक्ष्म ओरखडे हीच कारणे असतात.

उपेक्षा आणि मान्यता

काच वितळवण्याची गॅसची ज्योत रात्री चालू राहिल्याने ग्रिफिथ यांच्या प्रयोगशाळेला आग लागली. त्यानंतर वरिष्ठांनी तड्यांवरील संशोधन थांबवले. ग्रिफिथ इंजिनांच्या अभ्यासाकडे वळले. १९२६ साली त्यांनी टर्बाइनच्या पात्यांविषयीचा सिद्धान्त मांडला. १९३९ ते १९६० या काळात त्यांनी रोल्स-रॉइस कंपनीत काम केले. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मात्र फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाच्या कल्पनेचे मूल्यमापन करताना त्यांनी प्रतिकूल मत दिले होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लिबर्टी मालवाहू जहाजे अचानक दुभंगू लागली, तेव्हा त्यांच्या जुन्या सिद्धान्ताचे महत्त्व अभियंत्यांना पटले. जॉर्ज अर्विन यांनी पुढे तो धातूंसाठी विस्तारला. १९५४ मधील कॉमेट विमानांच्या अपघातांमागील धातूतील तड्यांचा शोध फार्नबरो येथेच लागला. आज आगगाडीच्या आसांची तपासणी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी केली जाते. डोळ्यांना न दिसणारा दोष वेळीच शोधण्याच्या या पद्धतीमागे ग्रिफिथ यांचाच विचार आहे.