खंजीर, नाणं आणि ४८ टक्के व्याज : शेक्सपिअरच्या नाटकामागचा खरा ब्रूटस

२०२० साली लंडनमध्ये एका सोन्याच्या नाण्याचा लिलाव झाला. बोली गेली सुमारे ३२ लाख पौंडांवर. पुढे हे नाणं चोरीच्या वाटेने बाजारात आल्याचं निघालं आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं.

एवढं काय होतं त्या नाण्यात?

एका बाजूला एका माणसाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मध्ये एक टोपी आणि खाली रोमन पद्धतीने लिहिलेली १५ मार्च ही तारीख. इ.स.पू. ४४ मध्ये याच दिवशी ज्युलियस सीझरचा खून झाला होता. आपण केलेल्या खुनाची तारीख अभिमानाने नाण्यावर पाडणारा हा माणूस म्हणजे मार्कस ब्रूटस.

आपल्याकडे राजकारणात कुणी कुणाच्या पाठीत खंजीर खुपसला की हे नाव निघतंच. पण आपल्याला माहीत असलेला ब्रूटस बराचसा शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' या नाटकातला आहे. तो मनाने चांगला, तत्त्वाला पक्का आणि निर्णय घेताना हमखास चुकणारा. खरा ब्रूटस एवढा साधा नव्हता.

बापाला मारणाऱ्याच्याच बाजूने लढला

ब्रूटसचा जन्म इ.स.पू. ८५ च्या सुमारासचा. घराणं मोठं. इ.स.पू. ५०९ मध्ये ज्या ल्युसियस ब्रूटसने रोमच्या शेवटच्या राजाला हाकलून प्रजासत्ताक आणलं असं मानलं जातं, त्याचे आपण वंशज, असं हे घराणं सांगायचं. म्हणजे राजेशाहीचा विरोध त्याला घरातूनच मिळालेला.

तो साधारण आठ वर्षांचा असताना वडील एका बंडात सापडले. त्यांनी पॉम्पी या सेनापतीपुढे शरणागती पत्करली, तरी पॉम्पीने त्यांना मारून टाकलं. आई सर्व्हिलिया ही सीझरची प्रेयसी होती. त्यावरून ब्रूटस हा सीझरचाच मुलगा अशी कुजबुज रोममध्ये चालायची. पण ब्रूटस जन्मला तेव्हा सीझर जेमतेम १५ वर्षांचा होता, त्यामुळे अभ्यासक या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत.

इ.स.पू. ४९ मध्ये सीझर आणि पॉम्पी यांच्यात यादवी पेटली. ब्रूटस आईच्या प्रियकराकडे जाईल असं लोकांना वाटलं होतं. तो गेला पॉम्पीकडे. वैयक्तिक वैर बाजूला ठेवून प्रजासत्ताकाच्या बाजूने उभं राहायचं, असा त्याचा हिशोब होता. पुढच्या वर्षी फार्सालसच्या लढाईत पॉम्पी हरला, पण ब्रूटसला हात लावू नका असा हुकूम सीझरने आधीच दिला होता. सीझरने त्याला माफ केलं, एका प्रांताचा कारभार दिला आणि इ.स.पू. ४४ साठी रोममधलं प्रेटर हे न्यायदानाचं मोठं पदही दिलं.

नाटकात नसलेला सावकार

आता ती गोष्ट, जी शेक्सपिअरच्या नाटकात सापडत नाही.

सायप्रस बेटावर सॅलामिस नावाचं शहर होतं. या शहराला ब्रूटसने कर्ज दिलं, पण स्वतःचं नाव पुढे न करता. व्याज किती? वर्षाला ४८ टक्के. रोमच्या कायद्यानुसार असं कर्ज चालत नव्हतं, म्हणून सिनेटकडून खास सूटही मिळवली गेली.

वसुलीला गेलेल्या माणसाने सोबत घोडेस्वार नेले आणि शहराच्या सभागृहाला वेढा घातला. आत अडकलेल्यांपैकी पाच सभासद उपासमारीने मेले.

इ.स.पू. ५१ मध्ये सिसेरो हा प्रसिद्ध वक्ता त्या भागाचा गव्हर्नर झाला, तेव्हा हे प्रकरण त्याच्यापुढे आलं. त्याने व्याजाची मर्यादा १२ टक्के ठेवली होती. त्या हिशोबाने पैसे द्यायला शहर तयार होतं, पण वसुलीवाला ऐकेना. खरा सावकार ब्रूटस आहे हे कळल्यावर सिसेरोला धक्काच बसला. त्याने घोडेस्वार काढून घेतले, पण ब्रूटसला दुखवायला नको म्हणून अंतिम निकाल न देता प्रकरण तसंच ठेवलं. सिसेरोची पत्रं टिकली म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे.

तत्त्वज्ञान वाचणारा, साधेपणासाठी नावाजलेला माणूस हाच. रोमच्या नागरिकांचं स्वातंत्र्य त्याला प्राणापेक्षा प्रिय होतं. सायप्रसच्या लोकांचा विचार मात्र त्यात कुठे बसत नव्हता.

शेक्सपिअरने १५९९ च्या सुमारास नाटक लिहिलं, तेव्हा त्याच्यापुढे प्लुटार्कने लिहिलेल्या चरित्रांचा टॉमस नॉर्थने केलेला इंग्रजी अनुवाद होता. प्लुटार्कला ब्रूटसबद्दल आदर होता. तोच आदर नाटकात उतरला आणि सावकार बाहेर राहिला.

चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?

इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझर तहहयात हुकूमशहा झाला. फेब्रुवारीत एका उत्सवात अँटनीने भर गर्दीत त्याला मुकुट देऊ केला आणि सीझरने तो नाकारला. पण लोकांच्या मनात शंका बसली, की याला राजा व्हायचंय का?

ब्रूटसच्या न्यायासनावर चिठ्ठ्या पडू लागल्या. जुन्या ब्रूटसच्या पुतळ्यावर मजकूर लिहिला जाऊ लागला. सगळ्यांचा रोख एकच, की तुझ्या पूर्वजाने राजाला हाकललं, तू झोपलायस का?

इतिहासात हे बहुतेक लोकांनीच केलेलं दिसतं. शेक्सपिअरने इथे एक बदल केला. नाटकात कॅशियस वेगवेगळ्या अक्षरांत खोट्या चिठ्ठ्या तयार करून ब्रूटसच्या घरात टाकायला लावतो. अख्खं रोम आपल्याला हाक मारतंय असं ब्रूटसला वाटतं. प्रेक्षकाला मात्र माहीत असतं की ही हाक एकट्या कॅशियसची आहे. पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक असणं, याला नाट्यगत उपरोध म्हणतात. त्यामुळे ब्रूटसचा राग येण्याआधी त्याची कीव येते.

कॅशियसची दुसरी कामगिरी म्हणजे तो ब्रूटसचं विरुद्ध पात्र आहे. तो धूर्त, व्यवहारी, माणूस ओळखणारा. त्याच्या शेजारी उभा केल्यामुळे ब्रूटसचा सरळपणा आणि भाबडेपणा दोन्ही ठळक दिसतात.

१५ मार्च आणि नंतरची चूक

कटात साठाहून जास्त लोक होते. सिनेटची बैठक पॉम्पीच्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात होती. सीझरवर २३ वार झाले. मरताना त्याने ब्रूटसकडे पाहून काढलेले ते जगप्रसिद्ध लॅटिन उद्गार नाटकामुळे घरोघरी पोचले. रोमन चरित्रकार स्वेटोनियसच्या मते मात्र सीझर एक शब्दही बोलला नाही. तो ब्रूटसला ग्रीकमध्ये मुला म्हणून काहीतरी बोलला असं काही जण सांगतात, एवढीच नोंद स्वेटोनियसने केली आहे.

अँटनीलाही मारा, असं कॅशियसचं मत होतं. ब्रूटसने नकार दिला. हुकूमशहाला मारणं हा न्याय, त्याच्या मित्राला मारणं हा खून, असं त्याचं म्हणणं.

दोन दिवसांनी सिनेटमध्ये तडजोड झाली. मारेकऱ्यांना माफी, पण सीझरचे सगळे निर्णयही कायम. ही अट विचित्र वाटते, पण त्यामागे सरळ अडचण होती. सीझर बेकायदा हुकूमशहा ठरला असता, तर त्याने केलेल्या नेमणुकाही रद्द झाल्या असत्या. त्यात खुद्द ब्रूटसचं पदही आलं. ज्याची सत्ता संपवायची, त्याच्याच सहीवर मारेकऱ्यांच्या खुर्च्या टिकून होत्या.

काही दिवसांनी अंत्यसंस्कार झाले. सीझरने मृत्युपत्रात रोमच्या प्रत्येक नागरिकाला पैसे ठेवल्याचं लोकांना कळलं होतं. त्यात अँटनीचं भाषण झालं आणि गर्दी पेटली. नावाच्या घोटाळ्यात सिन्ना नावाचा एक कवी हकनाक मारला गेला. ब्रूटसला लवकरच रोम सोडावं लागलं.

प्रत्यक्षात ब्रूटस लोकांपुढे बोलला तो आधी, अँटनीचं भाषण झालं ते नंतर. शेक्सपिअरने दोन्ही भाषणं पाठोपाठ ठेवली. ब्रूटस गद्यात बोलतो, मुद्देसूद आणि कोरडं. अँटनी पद्यात बोलतो, रडतो, थांबतो, मृत्युपत्र दाखवतो आणि वाचत नाही. मारेकऱ्यांना तो पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणत राहतो, इतकं की शेवटी त्या शब्दाची शिवी होते. उपरोधाचं उदाहरण म्हणून हे भाषण आजही वर्गावर्गात शिकवलं जातं.

शेवट

ब्रूटस आणि कॅशियस पूर्वेकडे गेले. तिथल्या प्रांतांकडून पैसा उकळून सैन्य उभं केलं. त्या सैन्याच्या पगारासाठी पाडलेलं नाणं म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं नाणं. त्यावरची टोपी गुलामाला मुक्त करताना घालायची, म्हणजे स्वातंत्र्याची खूण. पण दुसऱ्या बाजूला चेहरा ब्रूटसचा स्वतःचा. हयातीतच रोमच्या नाण्यांवर आपला चेहरा पाडून घेण्याची सुरुवात सीझरने केली होती आणि हा राजेपणाच, असं तेव्हा लोकांना वाटलं होतं.

इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपीला दोन लढाया झाल्या. पहिलीत ब्रूटसने सीझरचा वारस ऑक्टेव्हियनची छावणी जिंकली, पण सगळंच संपलं असं समजून कॅशियसने स्वतःला संपवलं. तीनेक आठवड्यांनी ब्रूटस हरला आणि त्यानेही तेच केलं. नाटकात या दोन्ही लढाया एकाच दिवसात उरकतात.

अँटनीने त्याच्या मृतदेहावर आपला उंची झगा घातला, असं प्लुटार्क सांगतो. इ.स.पू. २७ मध्ये ऑक्टेव्हियन ऑगस्टस झाला आणि रोमला पहिला सम्राट मिळाला. जे टाळण्यासाठी सीझरला मारलं, ते १७ वर्षांत घडलं.

पुढे इटालियन कवी दांतेने ब्रूटसला नरकाच्या तळाशी, येशूचा घात करणाऱ्या ज्युडासच्या शेजारी बसवलं. शेक्सपिअरने त्याला नाटकाचा खरा नायक केलं. सीझर तर नाटकाच्या मध्यावरच मरतो.

दोघांनीही आपल्याला हवा तो ब्रूटस उचलला. सॅलामिसच्या सभागृहात उपाशी मेलेल्या त्या पाच जणांना मात्र दोघांच्याही गोष्टीत जागा मिळाली नाही.