डॉ. प्रफुल्लकुमार सेन

दुखणे हाताबाहेर गेले की महाड-पोलादपूरकडील माणसाला परळचे के. ई. एम. रुग्णालय आठवते. तेथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५–१९८२) यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदयारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. कुत्र्यांवर प्रयोग करून सेनांनी आधीच तयारी केली होती. तरी पहिला रुग्ण तीन तास जगला, त्याच वर्षीचा दुसरा चौदा तास. सेनांनी पुन्हा हृदयारोपण केले नाही.

रुग्ण जगते, तरी पुढे दुसरा शत्रू उभा होता. शरीर परका अवयव ओळखते व नाकारते. म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सहसा जन्मभर घ्यावी लागतात. यावर उपाय म्हणून, प्रकाश पडताच घट्ट होणाऱ्या पाणीदार जेलच्या सूक्ष्म कुप्यांत परक्या पेशी ठेवण्याचे प्रयोग आज चालू आहेत. प्राणवायू व साखर आत जातात. शरीराच्या रक्षक पेशी बाहेर राहतात. संपूर्ण हृदय मात्र असे झाकता येत नाही.

१९९४ साली मेंदूमृत्यूला कायद्याने मान्यता मिळाली आणि दिल्लीत हृदयारोपण यशस्वी झाले. ते पाहण्यास सेन हयात नव्हते. पण त्या वाटेवरचे पहिले पाऊल परळला पडले होते, हे आपण विसरू नये.