स्वतःवर प्रयोग करणारा सैनिक शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हाल्डेन

रणांगण आणि प्रयोगशाळा ही दोन वेगळी जगे आहेत असे आपण समजतो. जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांच्या आयुष्यात ती एकत्र आली. ते ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते, आनुवंशिकीला गणिताची बैठक देणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक होते आणि शेवटी भारताचे नागरिक झाले.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन खाणीतील विषारी वायूंचा अभ्यास करत. एकदा त्यांनी लहानग्या मुलाला कोळशाच्या खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणायला सांगितले. छताजवळ मिथेन वायू साठला होता. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली होती, त्यामुळे तो सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. धोका आधी स्वतः पत्करायचा, हा या घराण्याचा नियमच होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हाल्डेन 'ब्लॅक वॉच' या स्कॉटिश रेजिमेंटमध्ये दाखल झाले. हातबॉम्ब फेकण्यात ते तरबेज होते. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा वडिलांबरोबर त्यांनी तो वायू स्वतः हुंगून मुखवट्यांची चाचणी घेतली. फ्रान्समध्ये आणि नंतर मेसोपोटेमियात ते जखमी झाले. उपचारासाठी त्यांना भारतात आणले गेले आणि तेव्हाच हा देश त्यांना आवडला.

युद्धापूर्वी त्यांनी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह उंदरांच्या रंगाचा अभ्यास केला होता. काही जनुके जोडीने पुढच्या पिढीत जातात, हे सस्तन प्राण्यांत दाखवणारा त्यांचा लेख १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर स्प्रंट लढाईत मारला गेला होता.

पुढे केंब्रिज आणि लंडन येथे हाल्डेन यांनी उत्क्रांतीचे गणित मांडले. हिमोफिलिया या रोगात रक्त गोठत नाही. त्या काळी अशी बरीच मुले लहानपणीच दगावत. मग हा दोष केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता, तो टिकला कसा? जितकी सदोष जनुके नष्ट होतात, जवळजवळ तितकीच नव्या बदलांमुळे पुन्हा तयार होतात, असे त्यांनी ताडले. त्यावरून १९३५ साली त्यांनी माणसाच्या जनुकात बदल होण्याचा वेग काढला. त्या वेळी डीएनएची रचनासुद्धा कोणाला माहीत नव्हती!

१९४९ मध्ये त्यांनी आणखी एक कोडे सोडवले. थॅलेसेमिया हा रक्ताचा रोग मलेरियाच्या प्रदेशात जास्त का आढळतो? आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल गंभीर आजारी पडते. एकाकडूनच आले तर सहसा त्रास कमी होतो आणि मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत हेच दाखवून दिले. आपल्या गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागातही सिकलसेल आढळतो, तो समजून घेताना हा विचार आजही उपयोगी पडतो.

१ जून १९३९ रोजी 'थेटिस' ही पाणबुडी बुडून ९९ जण मरण पावले. त्यानंतर हाल्डेन बंद पोलादी खोलीत बसून हवेचा दाब आणि विषारी वायू स्वतःवर आजमावू लागले. एका प्रयोगात आकडी येऊन त्यांच्या पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली. पाणबुडी नौसैनिकांची सुरक्षितता मात्र वाढली.

इतका धाडसी माणूस एका ठिकाणी मात्र कमी पडला. ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. सोव्हिएत संघात लायसेंको याने आनुवंशिकी खोटी ठरवली, थोर शास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ साली तुरुंगात मेले, तरीही हाल्डेन यांनी ठाम निषेध केला नाही. काही वर्षांनी ते पक्षापासून दूर झाले. विषारी वायू हुंगण्यापेक्षा आपल्याच बाजूची चूक बोलून दाखवणे कठीण असते, हे यातून दिसते.

१९५७ साली ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. ते कुर्ता-धोतर घालू लागले आणि शाकाहारी झाले. महागडी यंत्रे नसली तरी डोळे, वही आणि चिकाटी यांच्या बळावर संशोधन होते, हे त्यांनी तरुणांना शिकवले. त्यांचे विद्यार्थी द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलांवर कोणती फुलपाखरे बसतात ते मोजले. जयकर आणि हाल्डेन यांच्या पत्नी हेलन स्पर्वे यांनी माळटिटवीच्या घरट्यांवर पाळत ठेवली. तो अभ्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला.

हाल्डेन १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. जिवंतपणी जे शरीर त्यांनी विज्ञानासाठी झिजवले, ते मृत्यूनंतरही विद्यार्थ्यांच्या कामी आले. ज्याला पुढे नेतृत्व करायचे आहे, त्याने दुसऱ्याला धोक्यात पाठवण्यापूर्वी स्वतः पुढे व्हावे आणि सत्य आपल्या विरुद्ध असले तरी ते वेळेवर सांगावे. पहिली गोष्ट हाल्डेन यांच्या यशातून शिकावी, दुसरी त्यांच्या अपयशातून.