विषय निवडताना : डॉ. सालिम अली

विद्यार्थी मित्रहो, दहावीनंतर कोणता विषय घ्यावा या विवंचनेत असाल, तर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांचे चरित्र आठवा. गणिताच्या धास्तीने त्यांनी कॉलेज सोडले व ते ब्रह्मदेशी गेले. १९१७ मध्ये परतल्यावर व्यापारी शिक्षणाबरोबरच ते सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. तरी पदवीअभावी एक नोकरी हुकलीच. पुढे ते जर्मनीत शिकून आले, तो वस्तुसंग्रहालयातील जागाही गेली! तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला आणि नाव मिळवले. १९७६ साली ते पद्मविभूषण झाले.

पालकहो, पाल्याची आवड ओळखा. मित्रहो, आवड जरूर जपा. पण अवघड विषयाला भिऊन शिक्षण सोडू नका.