निरोप न घेणारा सेवक : ब्रदर जोसेफ डटन

मे महिन्याच्या सुटीत आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणी अनाथाश्रमांत आणि बालगृहांत सेवेसाठी जातात. काही जण परदेशातील बालगृहांतही काही महिने राहून येतात. ही सेवा स्तुत्य आहे. मुलांचा निरोप घेताना या तरुणांच्या डोळ्यांत पाणी येते आणि ते अश्रू खरे असतात. तथापि त्या मुलांच्या बाजूने विचार केला की एक प्रश्न मनाला टोचत राहतो. ज्या बालकाला आपल्या आईवडिलांचाच निरोप घ्यावा लागला, त्याने त्यानंतर आणखी किती जणांना निरोप द्यावा?

एका माणसाने चव्वेचाळीस वर्षे एकाच ठिकाणी राहून या प्रश्नाचे उत्तर दिले. तो धर्मगुरू नव्हता. त्याने कोणत्याही संघाची व्रते घेतली नव्हती. तो तुमच्यासारखाच एक प्रापंचिक होता. मोलोकाई बेटावरील कुष्ठरोगी मुलांचा सांभाळ करणारे ब्रदर जोसेफ डटन यांची ही जीवनकथा आहे.

पराभूत सैनिक

त्यांचे मूळ नाव आयरा बार्न्स डटन. त्यांचा जन्म २७ एप्रिल १८४३ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात स्टो या गावी एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. ते लहान असतानाच हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल येथे स्थायिक झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा अठरा वर्षांचे आयरा उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. सैन्याला लागणारे धान्य, कपडे, तंबू आणि इतर सामग्री पुरवणाऱ्या विभागात त्यांनी काम केले. हिशेब चोख, वागणे शिस्तीचे, त्यामुळे ते अधिकारपदापर्यंत पोहोचले.

युद्ध संपल्यावर त्यांच्या वाट्याला एक विलक्षण काम आले. रणांगणावर घाईघाईने पुरलेल्या सैनिकांचे अवशेष शोधून काढायचे आणि राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे सन्मानाने दफन करायचे, असे ते काम होते. घरापासून दूर मरण पावलेल्या, कधी कधी नावही ठाऊक नसलेल्या माणसाला हक्काची कबर मिळवून देण्याचा हा अनुभव पुढे त्यांना वेगळ्या प्रकारे उपयोगी पडणार होता.

याच सुमारास त्यांनी विवाह केला. हा विवाह टिकला नाही. पत्नी त्यांना सोडून गेली आणि आयरा दारूच्या आहारी गेले. दिवसा नोकरी नेटाने करायची आणि रात्र मद्यात बुडवायची, असा क्रम कित्येक वर्षे चालला. बाहेरच्या जगाला त्यांच्यात काही उणे दिसत नव्हते, पण त्यांचे त्यांना पुरते कळत होते. अखेर १८७६ साली त्यांनी दारू कायमची सोडली. या काळाविषयी ते पुढे फारसे बोलले नाहीत, मात्र आपण आयुष्याची कितीतरी वर्षे वाया घालवली ही जाणीव त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

दारू सुटली तरी मनाला शांती मिळेना. गेलेल्या वर्षांची भरपाई कशी करावी, हा एकच विचार त्यांना छळत होता. प्रायश्चित्ताविषयीची कॅथलिक शिकवण त्यांना मनापासून पटली. २७ एप्रिल १८८३ रोजी, आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी, टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात त्यांचा कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार करण्यात आला. त्यांनी संत योसेफाचे नाव घेतले आणि आयरा डटन जोसेफ डटन झाले.

मठातून बेटाकडे

नवा श्रद्धावंत एकदम टोकाला जातो, तसे प्रथम जोसेफ यांचेही झाले. केंटकी राज्यातील गेथसेमनी येथील ट्रॅपिस्ट मठात त्यांनी सुमारे वीस महिने मौनात आणि कष्टांत काढले. आपल्याला पाचारण आहे ते अंगमेहनतीचे आणि कृतीचे, चिंतनमय मठवासाचे नव्हे, हे त्यांना तेथे उमगले. त्यानंतर त्यांच्या वाचनात फादर दामियन यांची हकीकत आली. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांच्या राज्यात, मोलोकाई या बेटावर, एक बेल्जियन धर्मगुरू १८७३ पासून कुष्ठरोग्यांमध्ये राहत होता आणि आता त्याला स्वतःलाही त्या रोगाने गाठले होते.

जोसेफ यांनी घाई केली नाही. नोत्र दाम येथील कॅथलिक विद्यापीठात अध्यापन करणारे चार्ल्स वॉरेन स्टॉडर्ड हे लेखक मोलोकाईला जाऊन आले होते. जोसेफ त्यांना भेटले. तेथे खरोखर माणसांची गरज आहे का, आपल्यासारख्याचा तेथे उपयोग होईल का, याची त्यांनी चौकशी केली आणि मगच ते जहाजात बसले. त्यांनी परतीचा बेत आखला नव्हता.

२९ जुलै १८८६ रोजी ते मोलोकाईच्या किनाऱ्यावर उतरले. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा हवाईच्या राज्यात १८६५ साली झाला होता आणि जानेवारी १८६६ मध्ये पहिले रोगी या बेटावर आणून सोडण्यात आले होते. तीन बाजूंनी खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला दोन हजार फुटांहून उंच कडा, अशी ती जागा. होनोलुलूच्या धक्क्यावर आईच्या मिठीतून सोडवून आणलेली मुलेही त्या बोटीतून येत. बहुतेकांना घर पुन्हा दिसत नसे. १९६९ साली ही सक्ती संपेपर्यंत सुमारे आठ हजार माणसे तेथे पाठवली गेली.

फादर दामियन स्वतः घोडागाडी घेऊन या नव्या मदतनिसाला न्यायला आले होते. जोसेफ यांनी पगार मागितला नाही, पद मागितले नाही. व्रते घेतलेली नसतानाही दामियन त्यांना ब्रदर म्हणू लागले आणि ते नाव कायमचे चिकटले. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुतारकाम करायचे, देवळाची व्यवस्था पाहायची, पत्रव्यवहार सांभाळायचा. दामियन उतावीळ आणि धडाडीचे. अनेक कामे एकाच वेळी हाती घेत आणि कित्येक अर्धी राहत. जोसेफ शांत आणि शिस्तीचे. मागे राहिलेली कामे ते पूर्ण करीत. दोघांचे छान जुळले.

निरोपांचे दिवस

त्यानंतरच्या काळात मोलोकाईवर अनेक जण आले आणि गेले. डिसेंबर १८८८ मध्ये एडवर्ड क्लिफर्ड नावाचे इंग्रज चित्रकार दामियन यांना भेटायला आले. आपल्या देशात कुष्ठरोगावर वापरले जाणारे गर्जन तेल त्यांनी सोबत आणले होते. सुमारे दोन आठवडे राहून ते परतले, तेव्हा जहाज दिसेनासे होईपर्यंत दामियन आणि त्यांची माणसे किनाऱ्यावर उभी होती. शिकागोहून आलेल्या जेम्स सिनेट यांनी दामियन यांची अखेरच्या महिन्यांत शुश्रूषा केली आणि त्यांच्या निधनानंतर ते निघून गेले. फादर कॉनरार्डी यांनी काही वर्षे सेवा केली आणि पुढे चीनमधील कुष्ठरोग्यांसाठी ते तिकडे गेले.

यांपैकी कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. मे १८८९ मध्ये प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आठवडाभर तेथे राहिले. मदर मेरियान यांच्या मुलींच्या बालगृहात जाऊन ते त्या आजारी मुलींबरोबर क्रोके नावाचा चेंडूचा खेळ खेळले. होनोलुलूला परतल्यावर त्यांनी मुलींसाठी पियानो पाठवून दिला. आठवडाभराचा पाहुणाही प्रेमाने वागला आणि गेल्यावर मुलांना विसरला नाही, तर त्याच्या जाण्याने मुले पोरकी होत नाहीत. मात्र त्याच्या मागे कोणीतरी राहणारे असावे लागते.

१५ एप्रिल १८८९ रोजी पवित्र आठवड्याच्या सोमवारी फादर दामियन यांनी देह ठेवला. त्यांच्या व्रणांवर पट्ट्या बांधण्याचे काम जोसेफ यांनी केले होते. दामियन यांना मृत्यूची भीती नव्हती. त्यांना काळजी होती ती आपल्या अनाथ मुलांची. मुलींसाठी नोव्हेंबर १८८८ मध्येच मदर मेरियान आणि त्यांच्या फ्रान्सिस्कन धर्मभगिनी येऊन पोहोचल्या होत्या. मुलांसाठी ब्रदर जोसेफ होते. या भरवशावर दामियन निश्चिंत झाले. त्यांनी मुलांचा निरोप घेतला तेव्हा मुले कोणाच्या तरी हाती होती.

बाल्डविन बालगृह

दामियन यांनी उभारलेल्या जुन्या झोपड्यांच्या जागी १८९४ साली कालावाओ येथे मुलांसाठी नवे बालगृह उभे राहिले. त्यासाठी हेन्री बाल्डविन या साखर उद्योजकांनी पैसे दिले होते. ते प्रॉटेस्टंट मिशनरी घराण्यातील होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रारंभी धर्मभगिनींनी येथेही सेवा केली. १८९५ साली पवित्र हृदयांच्या संघाचे ब्रदर आले. ब्रदर जोसेफ व्यवस्थापक म्हणून कायम राहिले.

निळ्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे घालून हा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत कामात असे. जखमा धुण्याचे काम कधी संपतच नसे, कारण त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषधच नव्हते. ते १९४० च्या दशकात आले. ब्रदर जोसेफ हिशेब लिहीत, झाडे लावीत, नवी घरे आखीत, मुलांना बेसबॉल खेळायला लावीत. ज्यांची बोटे झडत चालली आहेत, अशा मुलांच्या हाती चेंडू देणारा माणूस त्यांच्यात रोगी पाहत नव्हता, मुलगा पाहत होता. १८९२ साली ते संत फ्रान्सिसच्या प्रापंचिक संघात दाखल झाले. त्यांच्या नावाने जगभरातून पत्रे येत आणि तेही हजारो पत्रे लिहीत. मुलांसाठी लागणाऱ्या कितीतरी गोष्टी त्या पत्रांतून उभ्या राहत.

जुलै १९०८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आदेशाने अमेरिकन आरमाराच्या १६ युद्धनौका वाट वाकडी करून मोलोकाईजवळून गेल्या. या जुन्या सैनिकाला मानवंदना देण्यासाठी त्यांनी आपले ध्वज खाली केले. हा सोहळा काही मिनिटांचा होता. नौका क्षितिजापार गेल्या आणि ब्रदर जोसेफ पट्ट्या बांधायच्या कामाला लागले.

बालगृह म्हटले की मुले मोठी होऊन बाहेर पडतात असे आपण गृहीत धरतो. कालावाओला तसे नव्हते. तेथून बहुतेक मुले जात ती दफनभूमीकडे. ज्याने तरुणपणी रणांगणावरील बेवारस सैनिकांना कबर मिळवून दिली होती, त्याने उरलेल्या आयुष्यात एकामागून एक मुलगा मातीच्या स्वाधीन केला. मोलोकाईवर निरोप घेणे मुलांच्या वाट्याला येत होते आणि निरोप देणे ब्रदर जोसेफ यांच्या. त्यांनी एवढीच काळजी घेतली की कोणत्याही मुलाने जाताना एकटे जाऊ नये. ज्यांना स्वतःला एकदा सोडून जाण्याचे दुःख भोगावे लागले होते, त्यांना या गोष्टीचे मोल ठाऊक असणार.

ते प्रायश्चित्त करण्यासाठी आले होते. प्रायश्चित्ताला दुःखाचा चेहरा असतो असे आपल्याला वाटते, पण भेटायला येणाऱ्यांना ते समाधानी आणि आनंदी दिसत. स्वतःच्या पापांचा हिशेब करायला आलेला माणूस मुलांच्या गरजांचा हिशेब करता करता केव्हा मुक्त झाला, हे परमेश्वरालाच ठाऊक. इतकी वर्षे रोग्यांच्या सहवासात राहूनही त्यांना कुष्ठरोग झाला नाही.

अखेरचा प्रवास

मदर मेरियान ९ ऑगस्ट १९१८ रोजी कालाउपापा येथे प्रभुचरणी विलीन झाल्या. ब्रदर जोसेफ वृद्ध होत होते. दृष्टी मंदावली, शरीर थकले. १९३० साली उपचारांसाठी त्यांना होनोलुलूला नेण्यात आले. तेव्हा ते सत्याऐंशी वर्षांचे होते. चव्वेचाळीस वर्षांनी ते मोलोकाई सोडत होते आणि तेही आजारपणाने भाग पाडले म्हणून. मदर मेरियान यांच्याच संघातील धर्मभगिनींनी चालवलेल्या संत फ्रान्सिस इस्पितळात त्यांची शुश्रूषा झाली. २६ मार्च १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मोलोकाईला परत नेण्यात आला आणि कालावाओ येथे संत फिलोमिना देवळाच्या आवारात त्यांचे दफन झाले. दामियन यांना त्याच आवारात पुरले होते. ज्या मुलांना ब्रदर जोसेफ यांनी निरोप दिला होता, त्यांच्याच मातीत ते परतले.

फादर दामियन यांना २००९ साली आणि मदर मेरियान यांना २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संत म्हणून घोषित केले. २०२२ साली होनोलुलू धर्मप्रांताने ब्रदर जोसेफ यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू केली आणि २०२४ साली तिचा धर्मप्रांतीय टप्पा पूर्ण झाला. पुढील निर्णय ख्रिस्तसभा यथावकाश घेईल.

आपल्यासाठी

प्रिय बंधुभगिनींनो, प्रत्येकाने चव्वेचाळीस वर्षे राहावे असे परमेश्वर मागत नाही. घर, शिक्षण, नोकरी यांमुळे बहुतेकांना परतावेच लागते. पण सेवेला निघण्यापूर्वी ब्रदर जोसेफ यांच्याप्रमाणे दोन गोष्टींची चौकशी करता येईल. तेथे माझी खरोखर गरज आहे का? आणि मी निघून आल्यावर त्या मुलांजवळ कोण असेल? आपण परत कधी जाणार, हे मुलांना पहिल्याच दिवशी खरे सांगावे. पाळता येणार नाही असे आश्वासन देऊ नये. परतल्यावर पत्र लिहावे, वाढदिवस लक्षात ठेवावा, आणि जे तेथे कायमचे राहतात त्या धर्मभगिनींना व सेवकांना हातभार लावावा. बालगृहातील मुलाला पाहुण्याचे अश्रू फार दिवस पुरत नाहीत. सकाळी उठल्यावर कालचाच माणूस आज दिसतो, यावर ते मूल वाढते.

आपल्या हातून वाया गेलेल्या वर्षांचे ओझे वाहणारा कोणी हे वाचत असेल, तर त्यानेही ब्रदर जोसेफ यांचे स्मरण करावे. त्यांच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षे परमेश्वराने फेकून दिली नाहीत. सैनिकाची शिस्त, हिशेबाची सवय, मृतांविषयीचा आदर आणि एकटे पडण्याचे दुःख, हे सारे त्याने मोलोकाईच्या मुलांसाठी वापरून घेतले. तो आपलेही वापरून घेईल. आपण फक्त जहाजात बसायला हवे.