भरतकामातून रक्तवाहिनी शिवायला शिकलेला सर्जन
२४ जून १८९४. फ्रान्समधल्या लियों शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर चाकूहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली गेली आणि काही तासांतच त्यांचा मृत्यू झाला. कापलेली रक्तवाहिनी जोडण्याची खात्रीशीर पद्धत तेव्हा डॉक्टरांकडे नव्हती.

त्याच शहरात डॉक्टरकी शिकणाऱ्या अलेक्सी कॅरल यांना हे खटकलं. मग त्यांनी काय केलं? भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून बारीक सुई-दोऱ्याचं काम शिकून घेतलं.

१९०२ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली. रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ताणायचं. गोलाचा त्रिकोण होतो, कडा सरळ होतात आणि सुई समोरच्या बाजूला अडकत नाही. पुढे अमेरिकेत त्यांनी प्राण्यांवर अवयव प्रत्यारोपणाचे प्रयोग केले. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण त्यांची दुसरी बाजूही आहे. १९३५ च्या पुस्तकात त्यांनी वंशसुधारणेचा पुरस्कार केला, काही गुन्हेगारांना विषारी वायूने मारावं असंही सुचवलं. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारच्या संस्थेचे ते प्रमुख होते. १९४४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९९६ मध्ये लियोंच्या मेडिकल फॅकल्टीने त्यांचं नाव काढून टाकलं.

आज किडनी प्रत्यारोपण असो, बायपास असो किंवा डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला, रक्तवाहिनी शिवावीच लागते. त्या कामाचा पाया कॅरल यांनी घातला. त्यांचं काम आपण वापरतो, म्हणून त्यांचे विचार विसरायचे नसतात.