रयतेच्या झोपडीतील प्रकाश

वाचकहो, कोलकात्यात हुगळी नदीच्या काठी खिदिरपूर नावाचा भाग आहे. आज तो गोदीमुळे प्रसिद्ध आहे. बंगालीचे महाकवी मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वडिलांचे घर येथेच होते, आणि १८४३ साली मधुसूदनांनी बाप्तिस्मा घेतल्यावर मोठी खळबळ माजली तीही याच घरापासून. खिदिरपुराहून डायमंड हार्बर रस्त्याने दक्षिणेकडे गेले की बेहालाच्या पुढे ठाकुरपुकुर लागते. त्या बाजूला या रस्त्यास समांतर असा जेम्स लाँग सरणी नावाचा मार्ग आहे. स्वातंत्र्यानंतर या शहरातील कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांची नावे रस्त्यांवरून पुसली गेली; पण एका परदेशी मिशनऱ्याचे हे नाव या मार्गाला आहे. ते का आहे, हे आपण पाहू या.

जेम्स लाँग यांचा जन्म १८१४ साली आयर्लंडमधील बँडन गावी झाला. चर्च मिशनरी सोसायटीने त्यांना १८४० साली कोलकात्यास पाठविले. तेथे प्रथम शहरातील शाळेत आणि पुढे ठाकुरपुकुरच्या खेड्यांत त्यांनी सेवा केली. त्या काळी इंग्रजी शिक्षणाचा मोठा बोलबाला होता. उच्च वर्णातील तरुणांना इंग्रजी शिकविले की ज्ञान आणि सुवार्ता आपोआप खाली झिरपेल, असे अनेक थोर मिशनऱ्यांना वाटे. लाँग यांचा कल निराळा होता. शेतकऱ्याशी बोलावयाचे तर त्याच्याच भाषेत बोलले पाहिजे आणि बोलण्याआधी त्याचे ऐकले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

म्हणून ते ऐकत गेले. बाजारात विकली जाणारी स्वस्त बंगाली पुस्तके त्यांनी गोळा केली आणि १८५५ साली चौदाशे बंगाली पुस्तकांची व पत्रकांची वर्गवार सूची छापली. शेतकरी, नावाडी आणि घरकाम करणाऱ्या बायका यांच्या तोंडच्या हजारो म्हणी त्यांनी टिपून घेतल्या व पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. आपल्या महाराष्ट्रातही याच सोसायटीचे आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा मोठा संग्रह छापला, हे येथे आठवते. बायबलच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला या म्हणींचे मोल विशेष कळते. एखादे वचन अचूक उतरूनही मंडळीतील निरक्षर आजीबाईंच्या काळजाला भिडत नाही, तोवर भाषांतर पुरे झाले असे म्हणता येत नाही. ज्या लोकांना आपण शिकवावयास जातो, त्यांच्या ओठांवर देवाने आधीच काही शहाणपण ठेवलेले असते. लाँग यांनी ते शहाणपण जपून वेचले.

असे ऐकता ऐकता त्यांच्या कानी रडणेही आले. बंगालमध्ये त्या वेळी निळीची शेती चाले. युरोपियन मळेवाले रयतेला थोडी आगाऊ रक्कम देत. तिला दादन म्हणत. एकदा दादन घेतली की भातासाठी राखलेल्या उत्तम जमिनीत नीळ पेरणे भाग पडे. निळीला भाव इतका कमी मिळे की कर्ज कधी फिटतच नसे. बापाचे देणे मुलाच्या माथी येई. नकार देणाऱ्यास मारहाण व कोंडून ठेवणे ठरलेले असे. ज्याचे जळते त्यालाच कळते. अखेर १८५९ साली नदिया आणि जेसोर भागांतील रयतेने नीळ पेरण्याचे नाकारले. सरकारने १८६० साली चौकशी आयोग नेमला. त्यापुढे साक्ष देणाऱ्यांत लाँगही होते.

त्याच वर्षी टपाल खात्यातील एक कर्मचारी दीनबंधू मित्र यांनी नीलदर्पण हे नाटक लिहिले. ढाक्यास छापलेल्या या नाटकावर लेखकाचे नाव नव्हते. रयतेचे दुःख राज्यकर्त्यांना कळावे म्हणून त्याचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली लाँग यांच्या देखरेखीखाली व प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. भाषांतरकाराचेही नाव छापलेले नव्हते. खिदिरपूरच्या त्या मधुसूदनांनीच ते केले असे परंपरेने सांगितले जाते. अभ्यासकांत मात्र याविषयी एकमत नाही.

मळेवाले खवळले. प्रथम मुद्रकाला न्यायालयात खेचण्यात आले. तेव्हा लाँग यांनी आपले नाव सांगण्यास त्याला मोकळीक दिली आणि स्वतः आरोपी म्हणून उभे राहिले. वाचकहो, त्या प्रसंगी त्यांच्यापुढे किती वाटा मोकळ्या होत्या ते पाहा. भाषांतरकाराचे नाव सांगितले असते, तर रोष त्या एतद्देशीय माणसावर वळला असता. या प्रकाशनात बंगाल सरकारच्या सचिवांचा हात होता. त्यांच्याकडे बोट दाखविले असते तरी बचाव झाला असता. लाँग यांनी यांपैकी काहीही केले नाही. सारी जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. जुलै १८६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदनामीच्या आरोपावरून त्यांना एक महिन्याचा तुरुंगवास व एक हजार रुपये दंड ठोठावला.

आता एका कटू गोष्टीकडे लक्ष द्या. मळेवाले बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते. न्यायाधीशही ख्रिस्ती होते. आरोपी तर ख्रिस्ती पाळकच होता. जी रयत छळ सोसत होती, ती बहुतांशी मुसलमान व हिंदू होती. मग त्या दिवशी ख्रिस्ताचा प्रकाश कोठे होता? नावात होता की अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहण्यात होता? दंडाची रक्कम तेथल्या तेथे भरली ती कालीप्रसन्न सिंह या वीस-एकवीस वर्षांच्या हिंदू तरुणाने. महाभारताचे बंगाली गद्य भाषांतर सिद्ध करणारे ते हेच. ज्या समाजाला प्रकाश देण्यासाठी लाँग आले होते, त्याच समाजातून तो प्रकाश परत येऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडला.

महिनाभराची शिक्षा भोगून लाँग पुन्हा आपल्या कामास लागले. प्रकृतीच्या कारणाने १८७२ साली त्यांनी भारत सोडला. १८८१ साली त्यांनी पौर्वात्य म्हणींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे दूर लंडनमध्येही ते शेतकऱ्यांचे बोल विसरले नव्हते. मार्च १८८७ मध्ये ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय आपण पुष्कळदा वाचतो. तेथे नीतिमान लोक आश्चर्याने विचारतात की, प्रभूला आपण भुकेला वा बंदीत कधी पाहिले? त्यांना त्याची ओळख पटलेली नव्हती, तरी त्यांनी त्याची सेवा केली होती. सीनाय पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेलाही आपला चेहरा तेजस्वी झाल्याचे ठाऊक नव्हते. प्रकाश परावर्तित करणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे नसते. ते समोरच्याकडे असते.

प्रिय वाचक, तुमच्या मंडळीत शेवटच्या बाकावर कोण बसते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? उपासनेनंतर आवार झाडणाऱ्या बाईचे नाव तुम्ही कधी विचारले आहे काय? त्यांना काही देण्यापूर्वी त्यांचे थोडे ऐका. आणि त्यांच्यासाठी बोलण्याची वेळ आली, त्यात आपले काही जाणार असले, तर त्या क्षणी मागे सरू नका. प्रभू तेथे आपल्याआधीच जाऊन बसलेला असतो.